लेफ्ट बॅकची खोली

आमच्या भुकुमात कुणीही नवा माणूस आला की नामाअण्णा त्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. विचारतात, "कुणाच्या जागेवर आलास?"

जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्या बाई रुजू झाल्या, तेव्हा अण्णा फाटकातच उभे होते. आधीच्या बाई कुठं गेल्या, स्वतःहून गेल्या का घालवल्या, हे समजल्याशिवाय त्यांनी नव्या बाईंना नमस्कारसुद्धा केला नाही. आधीच्या बाईंना फोन लावला, "तुमी खुशीनं गेलाय ना?" असं खडसावून विचारलं आणि मगच नव्या बाईंना रस्ता मोकळा झाला. चुलत्याच्या घरी सून आली, तर पंगतीत वाढणाऱ्या त्या पोरीलाही हाच प्रश्न. ती बिचारी गोंधळली. अण्णांनीच उत्तर दिलं, "सासूच्या जागेवर. पण सासूला कुनी इचारलंय का?" सासू पलीकडेच जिलेबी वाढत होती. त्या घरात त्यानंतर बराच काळ शांतता नव्हती असं ऐकते.

मी कोथरूडहून इथं फ्लॅट घेऊन आले, तेव्हा माझीही सुटका झाली नाही. बिल्डिंग नवी कोरी, माझ्या आधी तिथं कुणी राहिलंच नव्हतं. हे ऐकून अण्णा खूश होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "हितं म्हादबाचं भाताचं खाचर व्हतं. म्हंजे तुमी भाताच्या जागेवर." वर म्हणाले, "भात काय बोलणार म्हना." त्यांनी मला पास केलं ते असं, वरच्या वर्गात ढकललेल्या पोरासारखं.

माझ्याकडे भांडी घासणारी सुनीता हिंजवडीच्या एका कॅन्टीनमध्ये कामाला लागली आणि तिनंच तिच्या नणंदेला माझ्याकडे पाठवलं. अण्णांनी त्या नणंदेला गेटवरून परत लावलं. सुनीतानं स्वतः येऊन तोंडानं सांगायला हवं, हा हट्ट. सुनीताला सुट्टी मिळेपर्यंत भांडी मी घासली. चिडले मी. पण अण्णांवर चिडण्यात अर्थ नसतो. ते समोरच्याचं सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेवटी "बराबर हाय तुमचं. पर तिला येऊंद्या," म्हणतात.

अण्णा पिरंगुटच्या एका कारखान्यात पायानं पायडल दाबून चालवायच्या पॉवर प्रेसवर होते, तिथूनच रिटायर झाले. बायको गेली, मुलगी नांदायला गेली. कारखान्यात मोठा संप झाला होता, त्या काळातले ते. त्यामुळे गावात सगळे म्हणत, अण्णा जुने युनियनवाले, सोबत्यांची बाजू न सोडणारे. अण्णा यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

आता फुटबॉल. अण्णांच्या भावकीची खाचरं एका व्यावसायिक फुटबॉल क्लबनं भाड्यानं घेतली आणि तिथं सरावाचं मैदान केलं. अण्णांनी रस्त्याकडेला खोल्या बांधल्या होत्या, त्या क्लबनं खेळाडूंसाठी घेतल्या. मिझोराम, गोवा, केरळ, बंगाल, अशी सगळीकडची मुलं जिन्यावर चपला काढू लागली. अण्णा रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन मैदानाच्या बांधावर जाऊन बसत.

ऑफसाइड त्यांना आजतागायत कळलेलं नाही. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर. सामन्यात एक खेळाडू बाहेर काढून दुसरा आत पाठवला की सगळे आत जाणाऱ्याकडे बघतात, अण्णा बाहेर येणाऱ्याकडे. त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. मग खुर्ची सोडून बाकापाशी जातात आणि कोचला विचारतात, "ह्याला का काढलं? काय चुकलं ह्याचं?" कोच केरळचा. त्याला बरेच दिवस वाटत होतं की हे फुटबॉल फेडरेशनचे कुणी निरीक्षक आहेत. तो अदबीनं इंग्रजीत खुलासा करायचा आणि अण्णा "बराबर हाय तुमचं" म्हणायचे.

यंदाचा मोसम सुरू व्हायच्या आधी सुबीर नावाच्या बंगाली खेळाडूच्या गुडघ्यातला स्नायुबंध सरावातच फाटला. तो डाव्या बाजूचा बचावपटू, त्यांच्या भाषेत लेफ्ट बॅक. क्लबनं करारातलं कुठलंसं कलम काढलं आणि त्याचा करारच रद्द केला. ऑपरेशन त्याचं त्यानं बघावं. बाकीच्या खेळाडूंनी बूट काढले आणि गवतावर बसले. सराव बंद. फेडरेशनकडे तक्रार गेली आणि फेडरेशननं नियमाप्रमाणे सांगितलं की तक्रार मिटेपर्यंत या क्लबला एकाही नव्या खेळाडूची नोंदणी करता येणार नाही. नोंदणीची मुदत महिनाअखेरपर्यंतच होती.

अण्णांचा मुक्काम बांधावरून गवतावर हलला. युनियनवाले म्हणून मुलंच त्यांना सल्ला विचारू लागली. घोषणा हवी, असं अण्णांनी ठरवलं. "जुन्याचं मिटवा, मग नव्याची सही!" हे वाक्य मिझोरामच्या मुलांनी इतक्या मनापासून घोकलं, की रस्त्यानं जाणारे दूधवाले थांबून ऐकायचे. अण्णा दोन्ही वेळचा चहा पुरवत आणि कुणी गोलपोस्टच्या जाळीला टेकलं तर ओरडत, "जाळी फाटली तर आपल्यावरच घालत्याल!"

या गोंधळात अमर आला. कोल्हापूरचा, तिशीला टेकलेला. गेली काही वर्षं गावातल्या संघाकडूनच खेळत होता आणि आता पहिल्यांदाच मोठ्या क्लबनं बोलावलं होतं. या वयात दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही, हे त्याला आणि आम्हा सगळ्यांना कळत होतं. भांडण लागायच्या आतच त्याला निरोप गेला होता. घरी सत्कार झाला होता. पाठीवर बॅग घेऊन तो जिन्यापाशी आला आणि अण्णांनी विचारलं, "कुणाच्या जागेवर?"

"लेफ्ट बॅकच्या."

"त्यो वर झोपलाय," अण्णा म्हणाले.

क्लबनं खोल्यांचं वाटप खेळाच्या जागेप्रमाणे केलं होतं. लेफ्ट बॅकची खोली एकच. दुसरी मोकळी नव्हती. अण्णा त्याला वर घेऊन गेले. पाण्याची बाटली द्यायला म्हणून मीही मागोमाग गेले, खरं तर बघायला. सुबीरनं प्लॅस्टरमधला पाय ओढून घेऊन कॉटवर जागा केली आणि हसून म्हणाला, "आओ दादा, बैठो."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. आता हे सुनावणार. पण अण्णा म्हणाले, "पाव्हना हाय. चार दिस ऱ्हाईल." आणि खाली निघून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी पळ काढताना पाहिलं.

अमरनंही सुबीरला सांगून टाकलं की मी नुसता ट्रायलला आलोय. दोघं एकाच खोलीत राहू लागले. अमर त्याला बाथरूमपर्यंत धरून न्यायचा, ताट आणून द्यायचा. सुबीर त्याला मोबाइलवर जुने सामने दाखवायचा. खरी गोष्ट मात्र कुणीच काढत नव्हतं. आणि महिना संपत आला होता.

शेवटच्या आठवड्यात क्लबच्या मॅनेजरनं अमरला गाठलं. बेत असा, की अमर आणि बाहेरून आणलेली काही मुलं मैदानाच्या मागच्या दारानं आत येतील, सराव करतील, फोटो काढले जातील. सराव सुरू आहे म्हटल्यावर तक्रारीत दम राहणार नाही, बंदी उठेल आणि मुदतीच्या आत अमरची सही. अमर हो म्हणाला. मला हे समजलं, कारण मॅनेजर माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच मोठमोठ्यानं फोनवर बोलत होता. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, "बराबर हाय तुमचं" सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून फिरायला निघाले, तर अण्णांची खुर्ची मैदानाच्या मागच्या दाराशी होती. अमर किट घेऊन आला आणि थबकला.

"अण्णा, वाट सोडा. माझी शेवटची संधी हाय ओ ही."

"म्या कुटं वाट धरलीया? दार उगडंच हाय."

अमर तरी हलेना. अण्णा माझ्याकडे न बघता बोलू लागले. मी तिथं आहे याचं त्यांना काही वाटलं नाही, किंवा मी असावं असंच वाटलं असेल.

"लोकं म्हनत्यात, अण्णा युनियनवाले. म्या कवाच युनियनमदी न्हवतो. संप चालू व्हता तवा मी कारखान्यात मागच्या दारानं घुसलो. माजं लगीन ठरल्यालं, नोकरी पायजे व्हती. मुठा गावचा मारुती भायेर फाटकावर बसल्याला, आन् मी आत त्याच्या प्रेसवर. संप मोडला. त्याला परत घेतलंच न्हाई. म्हनलं, नंतर गाठून सांगीन त्याला. पौडच्या बाजारात दिसायचा. मी गल्ली बदलायचो."

अमरनं किट या हातातून त्या हातात घेतलं.

"तू जा," अण्णा म्हणाले. "तुमच्या खेळात वय गेल्यावर कोन इचारत न्हाई, कळतंय मला. नोकरी केल्याचं मला वाईट वाटत न्हाई. लेकीला शिकवली त्याच्यावर. पर त्यो वर जागा हाय. त्याला सांगून जा. येवढं कर."

 अमर किट तिथंच खुर्चीजवळ ठेवून खोल्यांकडे गेला. वर त्यांचं काय बोलणं झालं, कुणाला माहीत नाही. सुबीर मराठी बोलत नाही आणि अमरची हिंदी ऐकवत नाही, तेव्हा वेळ लागलाच. बऱ्याच वेळानं दोघं खाली आले. सुबीर अमरच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर. ते पुढच्या दारानं मैदानात आले आणि गवतावर इतरांच्या शेजारी बसले. लेफ्ट बॅकच नाही म्हटल्यावर बाहेरून आणलेली मुलंही रेंगाळली आणि चहाच्या टपरीवर गेली. मागच्या बाजूला मॅनेजर आणि फोटोवाला उन्हं वर येईपर्यंत उभे होते. फोटोवाल्यानं शेवटी बगळ्यांचे फोटो काढले.

मला इथं लिहायला आवडलं असतं, की सगळ्यांचं भलं झालं. क्लब नमला हे खरं. सुबीरचा करार मोसम संपेपर्यंत पुन्हा लागू झाला, ऑपरेशन क्लब करणार असं ठरलं. पण कागदावर सह्या होईपर्यंत नोंदणीची मुदत उलटून गेली होती. जानेवारीत नोंदणीची खिडकी परत उघडते, तेव्हा बघू, असं मॅनेजर अमरला म्हणाला. त्याच्या शब्दावर अमरचाही विश्वास नव्हता. कोल्हापूरला जाताना त्याला रस्त्यापर्यंत सोडायला सगळा संघ आला, सुबीर कुबड्या घेऊन आला. अण्णा आले नाहीत. खोलीच्या दारात उभे राहून लांबूनच बघत होते. मला त्या पोराचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा रागही आला. फुकट गेली की त्याची संधी.

संध्याकाळी अण्णा माझ्या दारात. दाढी केलेली, टोपी घातलेली.

"ताई, गाडी काडा. मुठ्याला जायाचंय."

स्कूटरवर मागं बसून घाटरस्त्यानं सबंध वाटभर त्यांनी टोपी घट्ट धरून ठेवली होती. मुठ्यात मारुतीचं घर विचारावं लागलं नाही, हात दाखवून अण्णाच "हितं वळा, हितं थांबा" करत होते. मारुती ओट्यावर पावटा सोलत बसला होता. अण्णांपेक्षा थोडा थकलेला, बाकी त्यांच्यासारखाच. अण्णा अंगणातच उभे राहिले. अवघ्या गावाला जाब विचारणारा माणूस चपलेनं अंगणातली माती उकरत होता. शेवटी मीच म्हणाले, "हे भुकूमचे नामाअण्णा."

"वळखतो की," मारुती म्हणाला. "मला बगून गल्ली बदलतो त्यो. बसा."

अण्णा ओट्याच्या कडेला बसले. मारुती पावटा सोलत राहिला. मग म्हणाला, "ती प्रेस. पायडल बदललं का रं कवा तिचं?"

"न्हाई."

"तसंच? जाम?"

"रिटायर होस्तोवर तसंच."

"आरं देवा. मग तुजा गुडगा?"

"उजवा," अण्णा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हुंदका देऊन रडले, लहान मुलासारखं नाही, म्हाताऱ्या माणसासारखं, लाजत लाजत. मला कुठं बघावं कळेना.

"माजा तर संपाच्या आदीच गेला व्हता," मारुती म्हणाला. त्यानं आत हाक मारून सुनेला निरगुडीच्या तेलाची बाटली मागितली, स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर थोडं चोळलं आणि बाटली अण्णांकडे सरकवली. अण्णांनी पायजमा वर केला.