इंद्रभानच्या शेजारची जागा

तैलचित्रात भर कशावर द्यायचा, हे मला विचारा! तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो, ते एवढं एकच ज्ञान घेऊन. शिरपूरच्या विनोदनं नव्या घरासाठी आईचं चित्र काढायला बोलावलं आणि भागिरथाबाई समोर बसताच मी ठरवून टाकलं. भर सुरकुत्यांवर!

बाई निळं नवं पातळ नेसून, केस चापून बसवून आल्या होत्या.

"मास्तर, जराशी लहान दिसली तं चालन काय जी?"

"हलू नका! कला खोटं बोलत नसते!"

"तसं नाही जी, मले भिंतीवर त्याच्या बाजूले..."

"बोलू नका! ओठ काढतोय!"

त्यांनी ओठ मिटून घेतले. मी मात्र असा रंगात आलो की त्यांच्या कपाळावर तूर पेरता आली असती!

रंग वाळल्यावर विनोदनं चित्र वडिलांच्या फोटोशेजारी टांगलं. वडील इंद्रभान साप चावून बत्तिसाव्या वर्षीच गेलेले. फोटोत काळेभोर केस, कोरीव मिशी. तेवढ्यात शेजारच्या सोनीबाई आल्या. चित्र पाहताच त्यांनी पदर सावरून हात जोडले.

"अव माय! इंद्रभानभाऊची माय हुबेहूब काढली न जी! आता भागिरथेले कधी काढता?"

कुणीच हसलं नाही. भागिरथाबाई आधी चित्रापुढे उभ्या राहिल्या, मग फोटोपुढे.

"मी हेच सांगून राह्यली होती जी. चाळीस साल या जागेची वाट पाह्यली. अन् तुमी मले त्याची माय करून बसवली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुसतो, बाई! सगळ्या सुरकुत्या पुसतो! पंचविशीच्या करतो तुम्हाला!"

"पुसू नोका." त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या माह्या हायेत. एकलीनं कमावल्या. तुमी त्याले म्हातारा करा. आज असता तं बहात्तरचा असता."

"पण बाई, समोर माणूस बसल्याशिवाय मला काढता येत नाही. बहात्तरचा माणूस कुठून आणू?"

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"विनोद, मास्तरले आरसा आनून दे."

मी बासष्टचा आहे हो! पण त्या घरात तेव्हा वय सांगायची माझी हिंमत झाली नाही.