कपबशी, छत्री आणि सदाचं बोट

मंगळवारी ग्रामपंचायतीचा निकाल लागला आणि बुधवारी ‘माडवन कॉटेजेस’च्या पाहुण्यांना कोलंबीच्या कालवणात खोबरं मिळालं नाही. नारळ होते. माळी बुधाजीने सकाळीच वीस नारळ पाडले होते. पण रोजच्यासारखे स्वयंपाकघराच्या दारात न आणता त्याने ते कुंपणापाशी रचले आणि त्यांच्याकडे पाठ करून तो झाडांना पाणी घालत बसला.

“नीराबाई, नारळ तिकडे पडलेत,” मॅनेजर सदाने आत येऊन सांगितलं.

“पडू देत. छत्रीवाल्याच्या हातचा नारळ माझ्या विळीला लागायचा न्हाय.”

“अहो, माड मॅडमचे आहेत!”

“पाडले कोनी?”

सदाने स्वतःच चार नारळ उचलून आणले, पण नीराबाईने त्यांना विळी लावली नाही.

किहीमच्या अलीकडच्या त्या गावात यंदा दोन तट पडले होते. माडांच्या वाड्यांमधून समुद्रापर्यंत मोठा रस्ता हवा म्हणणारे कपबशीवाले, आणि एकही माड तोडू देणार नाही म्हणणारे छत्रीवाले. नीराबाईची भाची रचना कपबशीवर सरपंचपदाला उभी होती, बुधाजीचा चुलतभाऊ छत्रीवर. मतं मोजली तर दोघांना बरोबर चारशे बारा. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. शेवटी चिठ्ठी टाकली आणि रचना सरपंच झाली. त्यामुळे जिंकलेल्यांना जिंकल्यासारखं वाटेना आणि हरलेल्यांना हरल्यासारखं.

“चिठ्ठीची सरपंच!” बुधाजी स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने अबोलीच्या रोपांना सांगे. “एक मत, फकस्त एक मत पडलं असतं इकडं!”

“आमचं एक मत कोनी तरी खाल्लं, न्हायतर चिठ्ठीची पाळीच कशाला आली असती?” नीराबाई फोडणीला सांगे.

ते एक मत कुठे गेलं, हे फक्त सदाला ठाऊक होतं. महिनाभर नीराबाईने त्याला भरलेलं पापलेट वाढून विचारलं होतं, “मत कोनाला?” तो म्हणाला होता, “तुमच्याशिवाय कोणाला?” बुधाजीने शहाळं सोलून देत तेच विचारलं होतं आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं होतं. सदा खोटारडा नव्हता. ज्याचं खाल्लं त्याच्याबद्दल त्या क्षणी त्याला खरोखरच तसं वाटायचं. रविवारी मतदानाच्या दिवशी मात्र कोणाला मत द्यायचं ते त्याला ठरवता येईना. वाटेत काहीतरी ठरेल म्हणून तो सकाळीच चौलला बहिणीकडे, नेत्राकडे गेला. तिथे वालाचं बिरडं झालं, ताक झालं, आणि ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणून लवंडलेला सदा उठला तेव्हा सहा वाजले होते. मतदान संपलं होतं. आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं, याचीच मग जास्त लाज वाटली.

सोमवारी कामावर आला तर ज्याच्या त्याच्या डाव्या तर्जनीवर शाई. नीराबाई शाईच्या बोटाने पीठ मळत होती, बुधाजी शाईच्या बोटाने विडी धरत होता. सदा ऑफिसात शिरला, औषधांच्या डब्यातली पट्टी काढली आणि डाव्या तर्जनीला चांगले सहा वेढे दिले. कोणी विचारलं तर म्हणाला, “नारळ सोलताना कोयता लागला.” सोमवारी कोणाला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

बुधवारी संध्याकाळी मात्र पाहुण्यांनी कालवणाबद्दल तक्रार केली. तेव्हा सदाने दोघांना ऑफिसात समोरासमोर बसवलं.

“मतभेद असावेत, मनभेद नसावेत,” तो बोट उगारून म्हणाला. नेमकं पट्टीचं बोट उगारलं.

“बोट कसं हाय रे तुझं?” नीराबाईने विचारलं. “ह्याच्याच कोयत्यानं कापलं ना? गंजका मेला!”

“गंजका?” बुधाजी उसळला. “रोज धार लावतो मी! आनी माझा कोयता दिवसभर माझ्या कमरेला असतो. सदा, तुला लागला कसा?”

सदाने उगारलेलं बोट खाली घेतलं. “असाच... लागला.”

नीराबाईचे डोळे बारीक झाले. “कोयता ह्याच्या कमरेला, आनी लागला तुला? व्हय रे सदा?”

इथे सदाने तोंड उघडायला हवं होतं. त्याने पाणी प्यायलं.

गुरुवारी मासळीबाजारात बातमी होती की, छत्रीवाल्याने मॅनेजरवर कोयता उगारला. शुक्रवारी सकाळपर्यंत बोट अर्धं तुटून अलिबागला टाके घालून झाले होते. दुपारी नव्या सरपंचबाई रचना डझनभर केळी घेऊन विचारपूस करायला आल्या. त्या गेल्यावर बुधाजीचा चुलतभाऊ मागच्या दाराने आला आणि हात जोडून म्हणाला, “म्हातारा तापट हाय, पन पोलिसात देऊ नकोस.” सदा दोघांनाही “नाही हो, तसं काही नाही” म्हणाला. त्यावर त्याच्या मोठ्या मनाची गावभर तारीफ झाली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

आणि मग मुंबईहून मालकीणबाईंचा, शिवानीमॅडमचा फोन आला. “सदा, मी उद्या येते. वीस वर्षं काय नि तीस वर्षं काय, मारहाण करणाऱ्या माणसाला मी ठेवू शकत नाही.”

शनिवारी मॅडम मांडव्याच्या बोटीने आल्या. ऑफिसात बुधाजी उभा होता. अंगात लग्नकार्यातला धुवट सदरा होता. त्याने कमरेचा कोयता सोडून टेबलावर ठेवला.

“बावीस वर्षं झाली, मॅडम. कोनाला बोट लावलं न्हाय. ह्यालाच इचारा.” तो सदाकडे वळला. आवाजात राग नव्हता, म्हणून सदाला तो जास्त लागला. “सदा, सांग बाबा. मी मारलं तुला?”

दाराशी नीराबाई पदर तोंडाला लावून उभी होती. गोष्ट एवढ्यावर जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

सदाने पट्टी सोडायला सुरुवात केली. सहा वेढे सुटायला फार वेळ लागला. आतून बोट निघालं ते पांढरंफटक, पाण्यात भिजल्यासारखं सुरकुतलेलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

“अगो बाई! जखम कुठंय?” नीराबाई पुढे आली. तिने बोट धरून उलटसुलट केलं आणि थबकली. “आनी शाई कुठंय?”

बाहेर नळाखाली बादली भरून वाहत होती.

“चारशे बारा,” बुधाजी हळूच म्हणाला.

“चारशे बारा,” नीराबाई म्हणाली. “आनी हा एक.”

“कोनाला देनार होतास?” दोघांनी एकदमच विचारलं.

सदाने मान खाली घातली. “दोघांना.”

नीराबाईने त्याचं बोट सोडून दिलं, शिळी मासळी परत टोपलीत टाकावी तसं. मग बुधाजीकडे वळून म्हणाली, “बुधाभाऊ, चुकलं माझं. बाजारात मीच बोलले.”

“तुझं काय चुकलं? ह्या असल्या मानसाच्या नादाला लागून आपन चार दिवस तोंडं फिरवली!” बुधाजीने कोयता कमरेला अडकवला. “चल, चहा टाक.”

दोघं जोडीने स्वयंपाकघराकडे गेली. थोड्याच वेळात तिथून हसण्याचे आवाज येऊ लागले. बुधाजी कोणाची तरी नक्कल करत होता. पाणी पिण्याची.

मॅडमनी सदाला व्हरांड्यात बोलावलं. आता नोकरी गेली, असं समजून तो खाली बघत उभा राहिला. मॅडम बराच वेळ आतली हसाहस ऐकत होत्या.

“चार दिवस हे दोघं बोलत नव्हते ना?”

“हो, मॅडम.”

“तुम्ही वागलात ते अगदी लाजिरवाणं आहे. पण...” त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “नागावला माझ्या मैत्रिणीचं गेस्टहाऊस आहे. तिथेही निवडणुकीचा निकाल लागल्यापासून माळी आणि वॉचमन एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तिने सगळे उपाय करून पाहिले. तुम्ही आठवडाभर तिकडे जाल का?”

आत नीराबाई आता पाहुण्यांना बोलावून पहिल्यापासून सगळं सांगत होती.

“जातो,” सदा म्हणाला. “आत्ताच निघू का?”