कुलूपवाल्यांचं नाव कुणी फोडलं?

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, आणि सुटलीच तर ती मी मुद्दाम सोडलेली असते," मामा म्हणाले. "पावलांच्या आवाजावरून मी चपलेचा नंबर सांगतो, चपलेवरून स्वभाव सांगतो आणि स्वभावावरून गुन्हा. उगाच नाही लोक मला गरुड म्हणत!"

लोक म्हणजे मामा स्वतः. बाकी अख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं, कारण ते मालकांच्या मुलांचे मामा होते. मालकांचे सख्खे मेहुणे. सुरक्षा अधिकाऱ्याची खुर्ची त्यांना त्याच पुण्याईवर मिळाली होती. भिंग मात्र त्यांनी घरून आणलं होतं.

हे आत्मचरित्र ऐकायला समोर एकटी मैना होती. मैना हे तिचं ऑफिसातलं नाव, कारण कंपनीच्या सॉफ्टवेअरचं गुणगान गात फिरायचं हेच तिचं काम. सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. कुणीही फुकट न्यावं, उघडून बघावं, हवं तर बदलावं. दवाखान्यात, बँकेत, दुकानात आलेल्या माणसांना नंबर देऊन त्यांची रांग लावायची, एवढंच ते करायचं, पण इमानानं करायचं. मोठी गिऱ्हाइकं देखभालीचा करार करायची आणि त्यावर कंपनीची चूल पेटायची.

फुकट वाटलेली वस्तू कोण कोण नेतं, हे वाटणाऱ्यालाच कळत नाही. ज्यांचं कळतं, ते नाव छापू देत नाहीत. आणि नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न टाकतं, "आणखी कोण वापरतं हो?" तीन वर्षं मैना परवानगीसाठी दारं ठोठावत होती. कुणी म्हणे वापरतो पण सांगू नका, कुणी म्हणे आवडतं पण छापू नका. साहेब म्हणत वकिलांना विचारा, वकील म्हणत साहेबांना विचारा. एवढ्या पायपिटीनंतर वेबसाइटच्या 'आमचे सोबती' या पानावर दोनच नावं लागली होती. एक लॉन्ड्री, आणि एक मालकांच्या चुलत्यांचा दवाखाना.

आज सकाळी तिथं तिसरं नाव उगवलं. कुलूपवाल्यांचं!

कुलूपवाले म्हणजे कुलूप कारखान्याचे साहेब, कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या करारात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की आमचं नाव तुम्ही कुठंही छापणार नाही. नऊ वाजता त्यांचा फोन आला. "कुणी छापलं ते मला चार वाजता हवंय. मी स्वतः येतोय. नाही सांगितलंत तर करार संपला."

मालकांनी फोन ठेवला आणि मैनेकडे बघितलं. "पान तुझं. नावांसाठी जीव टाकणारीही तूच. चारपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही तर…" पुढचं त्यांनी टाइपच करून ठेवलं होतं. मैनेचा राजीनामा, फक्त सही बाकी.

नावांची हाव तिला होती, नाही असं नाही. कुलूपवाल्यांचा लोगो तिनं कितीदा त्या पानावर मनातल्या मनात लावून बघितला होता, नव्या घरात पडदे लावून बघावेत तसा. पण न विचारता एक अक्षर छापलं नव्हतं.

"मी नाही केलं, मालक."

"ते गरुड ठरवेल," मामा म्हणाले आणि त्यांनी तिलाच मदतनीस नेमलं. "संशयित हाताशी असला की शोधायला लांब जावं लागत नाही."

तपासाची सुरुवात म्हणून मामांनी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर चिकटपट्टीनं गुंडाळले. पडदा गुंडाळला, कीबोर्ड गुंडाळला, आणि त्या भरात स्वतःचा चष्माही गुंडाळला. दोन्ही प्रोग्रामरना भिंतीशी उभं केलं.

"मामा, ते नाव फाइलमध्ये…" थोरला प्रोग्रामर म्हणाला.

"गप्प! संशयितानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"मग विचारा ना."

"वेळ आली की विचारीन."

मामा गुडघ्यांवर बसले, रांगले, एका खुर्चीवर तळहात ठेवून ताडकन उठले. "खुर्ची गरम! गुन्हेगार आत्ता, या क्षणाला इथून उठून गेलाय!"

"मामा, त्या खुर्चीवरून तुम्हीच उठलात."

"मला बघायचं होतं, तुझं लक्ष आहे का."

अकरा वाजता मामांच्या ध्यानात आलं की कुलूपवाल्यांचा लोगो हिरवा आहे. म्हणजे गुन्हेगाराला हिरवा रंग प्रिय. त्यांनी हिरव्या गणवेशातल्या वॉचमनला तासभर बसवून घेतलं. वॉचमननं कबूल केलं की त्याला खरा आवडतो निळा, पण कुणी विचारलंच नाही आजवर.

बारा वाजता वेबसाइटच्या त्या पानाची छापील प्रत भिंगातून बघताना मामा किंचाळले. "मैना! नावात एकही चूक नाही!"

"मग?"

"या ऑफिसात बिनचूक कोण लिहितं? गुन्हेगार बाहेरचा आहे!" मग ते विचारात पडले. "छे, हे फारच सोपं झालं. सोपं ते खोटं." आणि तो धागा त्यांनी स्वतःच्या हातानं तोडून टाकला.

दोन वाजता त्यांचा संशय मालकांवर गेला. "भाऊजी, तुम्ही झोपेत चालता का?"

"मी झोपेतसुद्धा तुझीच काळजी करतो," मालक म्हणाले.

साडेतीन झाले. मैना खिडकीपाशी उभी राहिली. परवा भेटायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. आता ते दुसरंच कुणी सांगणार. तीन वर्षं दुसऱ्यांची नावं जपली, आणि आज तिचंच नाव खराब होत होतं.

"मैना, वाईट वाटून घेऊ नकोस," मामा हळूच म्हणाले. "मला तुझ्याविरुद्ध काहीही सापडलेलं नाही."

"बाकी कुणाविरुद्ध सापडलंय का?"

"नाही. म्हणूनच तर तू उरलीस."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून वहिनी बाहेर आल्या. वहिनी म्हणजे मालकांच्या पत्नी आणि मामांच्या थोरल्या बहीण. दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून त्यांचे कान लाल झाले होते. भिंतीशी उभे प्रोग्रामर आणि गुंडाळलेले कॉम्प्युटर त्यांनी एका नजरेत बघितले.

"हे काय रे?"

"पुरावा सील केलाय, ताई."

"अरे, आपला कोड सगळ्या जगाला उघडा असतो ना? कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं नावानिशी तिथं लिहिलेलं असतं. बघितलं का कुणी?"

थोरल्या प्रोग्रामरनं वर बघून हात जोडले. वहिनींनी स्वतःचा मोबाइल उघडला आणि चष्मा नाकावर सरकवून वाचू लागल्या.

कोडबरोबर 'आम्ही वापरतो' नावाची एक फाइल होती. ज्याला वाटेल त्यानं येऊन आपलं नाव आपल्या हातानं लिहावं, अशी. काल दुपारी तिच्यात एक ओळ आली होती. "कुलूप कारखाना. तीन वर्षं वापरतोय, एकदाही बंद पडलं नाही. आभार." खाली लिहिणारीचं नाव होतं. ती कुलूपवाल्यांची मुलगी, कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारी.

"पण ते माझ्या पानावर कसं आलं?" मैनेनं विचारलं.

"गेल्या आठवड्यात आम्ही पान त्या फाइलला जोडलं. रोज पहाटे नावं आपोआप येतात. सकाळपासून तेच सांगतोय!" थोरला प्रोग्रामर म्हणाला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "इथं आणखी एक नाव आहे. ही ओळ तपासून मान्य केली… सुरक्षा अधिकारी."

सगळे मामांकडे वळले.

"तिथं काही मान्य करायचं राहिलं की लाल टिंब येतं," मामा पुटपुटले. "हिरवं बटण दाबलं की जातं. मला लाल टिंब सोसत नाही, ताई."

"वाचतोस का आधी?"

"वाचायला लागलो तर टिंब कधी जाणार?"

दारात कुलूपवाले उभे होते. वहिनींनी काही न बोलता मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओळ वाचली, लिहिणारीचं नाव वाचलं, पुन्हा ओळ वाचली, आणि तिथूनच लेकीला फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अगं, आपलं गुपित तू जगाला सांगितलंस?"

"कसलं गुपित, बाबा? आपल्या कारखान्याच्या दुकानात नंबर दाखवणारा पडदा आहे ना, त्याच्यावर त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव तळहाताएवढं येतं. रस्त्यावरून दिसतं."

"मग करारात ते कलम कशाला घातलं?"

"वकिलांना विचारा."

"वकील म्हणाले, साहेबांना विचारा."

"साहेब तुम्हीच, बाबा."

कुलूपवाल्यांनी फोन खिशात टाकला आणि खाकरून म्हणाले, "राहू दे नाव. हवी तर लेखी परवानगी देतो. पण त्या लॉन्ड्रीच्या वर घ्या."

"मी बारा वाजताच म्हणालो होतो, गुन्हेगार बाहेरचा!" मामा ओरडले.

"आणि आतला?" वहिनींनी विचारलं. मामा चिकटपट्टी सोडवायला वळले.

मालकांनी राजीनाम्याचा कागद टराटरा फाडला आणि मैनेसमोर उभे राहिले. "चुकलो गं. दिवसभर उगाच छळलं तुला."

"लेखी द्या," मैना म्हणाली. डोळे भरलेले होते, पण हसू ओठांवर येऊन बसलं होतं.

मालकांनी लिहून दिलं. मैनेनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "वेबसाइटवर लावायची परवानगी आहे?"

मालकांनी वहिनींकडे बघितलं, कुलूपवाल्यांकडे बघितलं, मग छताकडे.

"परवानगी आहे," ते म्हणाले. "फक्त माझं नाव तेवढं छापू नकोस."