घोळीचे स्कोन आणि एक प्रलंबित शेरा

तपासणी झाल्याशिवाय कोणताही पदार्थ हा पदार्थ होत नाही. तोवर तो नुसता माल असतो. हे तत्त्व जगाला पटायला अजून वेळ लागेल. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेल्या बाळाजीरावांना मात्र ते पहिल्याच आठवड्यात पटलं, आणि लग्नानंतर त्यांनी ते घरीही लागू केलं.

घरची पद्धत सुटसुटीत होती. पानावर बसायचं, पहिला घास घ्यायचा, दोष असला तर बोलायचं. नसला तर गप्प जेवायचं. (निर्दोष बोल्टला कोणी हार घालत नाही.) या पद्धतीने तेहेतीस वर्षांत सुमारे चौदा हजार जेवणं तपासून झाली. 'मीठ किंचित', 'फोडणी करपली का?' आणि 'परवाची बरी होती' हे शेरे वरचेवर पडले. 'छान' हा शेरा एकदाच, पुरणपोळीवर पडल्याची नोंद आहे. पण तेव्हा समोर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, त्यामुळे ललिताबाईंनी तो स्वतःच्या खात्यात धरलेला नाही. त्यांनी कधी अपीलही केलं नाही. पान वाढायच्या, समोरच्या चेहऱ्याकडे एकवार बघायच्या आणि तव्यावरची पोळी उलटायला आत जायच्या.

निवृत्तीनंतर मुलीने, स्वानंदीने, पुण्याहून ओव्हन पाठवला. ललिताबाईंनी त्यात पापड ठेवले. यंत्र बसून आहे हे बाळाजीरावांना बघवेना. त्यांनी मोबाइलवर शोध घेतला, तर एक विलायती बाई कुंपणाकडेचा पाला खुडून, त्यात चीज घालून खारे स्कोन भाजत होती. स्कोन म्हणजे जाडजूड, खुसखुशीत, बिस्किट आणि पाव यांच्या मधल्या नात्यातला एक इसम. बाई पाल्याबद्दल इतक्या भक्तीने बोलत होती की बाळाजीरावांना वाटलं, वसंत काय फक्त त्यांच्याकडेच येतो?

चैत्रातल्या एका सकाळी ते पिशवी, कात्री आणि टोपी घेऊन कालव्याच्या कडेला गेले आणि अकरा प्रकारचा पाला घेऊन आले. धुणंभांडी करणाऱ्या लताबाईंनी, पेठ तालुक्याकडच्या त्या, पिशवीत डोकावून पाहिलं.

"सायेब, ह्ये काय आनलं?"

"रानभाजी."

"ह्ये गाजरगवत हाय. अंगभर खाज सुटंल. आन् ही तर आपल्याच कुंपनाची मेंदी! खाऊन जीभ रंगवायची का काय?"

अकरापैकी नऊ प्रकार बाद झाले. उरले घोळ आणि तांदुळजा, तेही एकेक काडी. दुसऱ्या दिवशी लताबाई स्वतः सोबत गेल्या. कालव्याच्या ओलीच्या कडेला पसरलेली घोळ खुडता खुडता त्या आपल्याशीच गुणगुणत होत्या :

घोळबाई घोळ, ओलीच्या ग कडंला
कोनी नाय पेरली, तरी आली ग वाढाला

बाळाजीरावांनी ही ओळ वहीत 'उगमस्थान' या सदराखाली लिहून घेतली.

पहिल्या खेपेत घोळीला पाणी सुटलं आणि स्कोन ताटभर पसरले. ललिताबाई म्हणाल्या, "थालीपीठ म्हणून चालेल." दुसरी खेप बाळाजीरावांनी अकराच्या उन्हात घेतली. मैद्यात चोळायचं थंड लोणी वाटीतच वितळलं. आलेल्या टणक मालाकडे पाहून ललिताबाई म्हणाल्या, "बरं झालं, बत्ता हरवला होता." मग मात्र त्यांना राहवलं नाही. "अहो, शंकरपाळ्याचं मोहन घालतो ना, तसं बोटांच्या टोकांनी. मळू नका. पोळ्या नाही लाटायच्यात आपल्याला."

तिसऱ्या खेपेला ते पहाटेच उठले. घोळ-तांदुळजा बारीक चिरून, मीठ लावून, पंच्यात घट्ट पिळला. लोणी थेट फ्रीझरमधून किसलं. चीज मुठीने घातलं, ताकाने जेमतेम एकत्र केलं, वाटीने गोल कापले. अठरा मिनिटांत घरभर असा खमंग वास सुटला की समोरच्या दाराची कडी विनाकारण दोनदा वाजली. मोजमापाचा व्हर्निअर लावला : उंची अडतीस मिलिमीटर, सगळ्यांची. बाळाजीरावांनी बशी चहासोबत ललिताबाईंपुढे ठेवली आणि बाजूला उभे राहिले.

ललिताबाईंनी पेपर वाचत एक खाल्ला. दुसरा खाल्ला. काही बोलल्या नाहीत.

नियमाप्रमाणे माल पास झाला होता. नियम त्यांनीच केला होता. तरी त्यांचे पाय जागचे हलेनात.

"कसा झालाय?"

"खातेय ना."

"तसं नाही. म्हणजे… काही शेरा?"

"दोष काही नाही." त्यांनी पान उलटलं. "उभे का? बसा, चहा गार होतोय."

बाळाजीराव चहा घेऊन गॅलरीत गेले. एका शब्दावाचून माणसाचं एवढं काय अडतं, याचा कोणताही तक्ता त्यांच्यापाशी नव्हता. इतक्यात आतून आवाज आला.

"घे गं लता, साहेबांनी केलेत. मला जन्मात जमले नसते असे. तिसरा खाल्ला मी, लपून!"

"मंग सांगा की त्यास्नी! तकडं तोंड पाडून हुबे हायेत."

"इश्श, आपल्याच माणसाला काय सांगायचं? ते का परके आहेत?"

बाळाजीरावांनी चहा तसाच कठड्यावर ठेवला. कारण तेहेतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडताना ते दररोज न चुकता म्हणाले होते, "आमच्या हिच्या हातासारखा हात नाही." तपासणी विभागाला हे पाठ होतं. गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. सबंध नाशिक-सातपूर पट्ट्यात ही माहिती नसलेली व्यक्ती एकच होती, आणि ती आत हळूच चौथा उचलत होती.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. ललिताबाईंनी हात पदराआड घेतला.

"अगं…"

"काय?"

शब्द ओठापर्यंत आला. तिथे त्याची पुन्हा एकदा तपासणी झाली.

"उद्या परत घोळ आणू का?"

"आणा," ललिताबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, हसल्या.

असा हा प्रकार उभयपक्षी प्रलंबित आहे. वाचकांना त्याची गंमत वाटली असेल, हे साहजिक आहे. आज दुपारी तुम्ही जे जेवलात ते ज्यांनी केलं, त्या तुमच्याच घरात, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्याच अंतरावर आहेत. तुम्ही वाचताय म्हणून इतका वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. इथून पुढे वाचण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा आता तेही कारण चालणार नाही.