मानपत्रातला इस्सिमो

माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरवणे हा मोठा अन्याय आहे, कारण काम सगळ्यांच्याच वाट्याला येते असे नाही. मानपत्र मात्र येते. हे सत्य शासनाला फार पूर्वीच उमगले होते. पंजाबराव गुरुजींना ते १९६७ साली उमगले.

केनवडच्या बाजाराला जाणाऱ्या एका गावात (नाव दिलेले नाही, कारण गाव अजून तिथेच आहे) गुरुजी चौथीपर्यंतच्या शाळेवर होते. मुलांना शिकवणे हे त्यांचे जोडकाम. मुख्य काम, येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांची मानपत्रे लिहिणे. सात वर्षांत त्यांनी त्रेचाळीस मानपत्रे लिहिली व त्यात सहाशे अकरा विशेषणे वापरली. ‘कर्तव्यदक्ष’ त्रेचाळीस वेळा, ‘मनमिळाऊ’ एकोणचाळीस वेळा. (उरलेले चार साहेब गावकऱ्यांच्या अंगावर धावून गेले होते, त्यांना ‘करारी’ लिहिले.)

अडचण ‘सर्वांत’ या शब्दाने केली. आदल्या वर्षी पंचायत समितीच्या साहेबांना गुरुजींनी ‘तालुक्यातील सर्वांत कार्यक्षम अधिकारी’ म्हटले. शेजारच्या खुर्चीवर तहसीलचे साहेब बसलेले होते. ते पेढा न खाता उठले, आणि गावाची रेशनची साखर दोन महिने वाट चुकली. पुढच्या खेपेला गुरुजींनी सावधपणे ‘सर्वांत कार्यक्षम अधिकाऱ्यांपैकी एक’ असे लिहिले. साहेबांनी भर सभेत विचारले, “बाकीचे कोण?”

आता पंचायत समितीला नवे साहेब येणार होते आणि त्यांना, असा निरोप होता, आधीच्यांपेक्षा वरचे काहीतरी हवे होते. वरचे काही उरले नव्हते. गुरुजींची झोप उडाली. मानपत्र फसले तर साहेबाचे काही बिघडत नाही, मास्तराची बदली होते, आणि बदलीसाठी जिल्ह्यात फार लांबलांबची गावे राखून ठेवलेली असतात.

अशा वेळी त्यांना बौद्धवस्तीतला ग्यानबा भेटला. ग्यानबा लढाईच्या काळात पलटणीत ट्रक चालवायला होता. चव्वेचाळीस सालचा आख्खा हिवाळा त्याचा ट्रक इटलीतल्या एका डोंगरात बर्फाने अडकला आणि ग्यानबा तिथल्या एका मास्तराच्या घरी राहिला. मास्तराला दुसरा विद्यार्थी नव्हता आणि ग्यानबाला दुसरे काम नव्हते. त्यामुळे तो इटालियन व्याकरण शिकला. गावात परत आल्यावर तीस वर्षे त्याला हे कोणी विचारले नाही.

“गुर्जी, तुमच्या ‘सर्वांत’मंदी भांडण हाये,” तो म्हणाला. “एकाले वर कराचं त बाकीच्याईले खाली दाबा लागते. इटलीवाल्याईच्यातबी ती रीत हाये. ‘इल प्यू’ म्हनतात, अन् पुढं कोनाकोनात ते सांगा लागते. पन त्याईची दुसरी रीत पाहा. शब्दाचा शेवटचा स्वर तोडा अन् ‘इस्सिमो’ जोडा. बेल्लो म्हंजे सुंदर. बेल्लिस्सिमो म्हंजे असा सुंदर, का त्याच्या बाजूले कोनाले उभं कराचं कामच नाही.”

“म्हंजे तुलना नाही?”

“कोनाशीच नाही. जो तो आपल्या जागी इस्सिमो.”

गुरुजींना गहिवरून आले. इतक्या दूरच्या, इतक्या थंड मुलुखातल्या लोकांना आपल्या पंचायत समितीची अडचण कशी कळली असेल! त्यांनी तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतले: कार्यक्षमिस्सिमो, कर्तव्यदक्षिस्सिमो, साहेबांच्या पत्नी सोबत आल्यास, सुशीलिस्सिमा. ‘चांगला’चे रूप मात्र नियमाने चालत नाही, तो शब्दच बदलून ‘ऑत्तिमो’ होतो, असे ग्यानबाने सांगितले. हा आपला ‘उत्तम’च कोणीतरी तिकडे नेला असावा, असे गुरुजींचे मत पडले.

“पन गुर्जी, एक लिवा,” ग्यानबा म्हणाला. “खाली शेवटी. वस्तीले बोअर पाह्यजे म्हनून.”

मागणी रास्त होती. वस्तीची विहीर संक्रांतीलाच कोरडी पडे. मग ग्यानबाची बायको भागिरथा आणि इतर बाया अर्ध्या कोसावरच्या नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरत. गावात विहीर होती. तिथे वस्तीच्या बायांना मनाई केल्याची नोंद कोठेही नाही. त्या येताना दिसल्या की दोर काढून ठेवण्यात येई, एवढेच.

गुरुजींनी ती ओळ लिहिली. सरपंच माणिकरावांनी ती खोडली. “मानपत्रात मागणं शोभत नाही, गुरुजी,” ते म्हणाले, “अर्ज वेगळा द्या म्हणा त्याईले.” गुरुजींनी ती ओळ गाळून मानपत्र पुन्हा उतरवून काढले. (गुरुजींच्या घरी पाणी होते.)

समारंभ फार थाटात झाला. ‘कार्यक्षमिस्सिमो’ ऐकताच साहेब खुर्चीत सरळ बसले. तहसीलच्या साहेबांनी पेढा खाल्ला. महिनाभरात ही पद्धत तालुकाभर पसरली आणि त्यामागोमाग कचेऱ्यांत शिरली. कामचुकार कारकून नियमितिस्सिमो झाले. एका पशुवैद्यकाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी नुसते ‘उत्तम’ लिहिले, तर त्याच्या घरी लोक समाचाराला गेले. काहींनी ‘सर्वांत कार्यक्षमिस्सिमो’ असेही लिहायला सुरुवात केली. याचे दुःख एकट्या ग्यानबाला झाले. टोकाला आणखी टोक जोडता येत नाही, हा त्या मास्तराचा पहिला धडा होता.

वस्तीने माणिकरावांच्या सल्ल्याप्रमाणे वेगळा अर्ज दिला होता. त्यावर एकसष्ट अंगठे होते. त्याचे उत्तर दोन महिन्यांनी आले. उत्तर असे: ‘सदर गावच्या ग्रामस्थांनी सादर केलेल्या मानपत्रानुसार या कार्यालयाचा कारभार कार्यक्षमिस्सिमो आहे. अशा कारभाराखालील गावात पाण्याची टंचाई असणे संभवत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल.’

ते गुरुजींनीच वस्तीत वाचून दाखवले, कारण वाचणारे दुसरे कोणी त्या दिवशी तिथे नव्हते. वाचताना त्यांना आपलेच अक्षर वाचतो आहोत असे वाटले. भागिरथा डोक्यावरचा हंडा उतरवून उभी होती.

“गुर्जी,” ती म्हणाली, “तुमी सायबाले एवढं वर चढोलं, का त्याले आमची हीर दिसूनच नाही राह्यली.”

ती रागावली असती तर गुरुजींना बरे वाटले असते. तिने फक्त हंडा उचलला आणि नाल्याकडे गेली.

मार्चमध्ये साहेबांचे बोलावणे आले. साहेब उदास होते. शेजारच्या तालुक्यातले साहेब इस्सिमो झाले होते, त्यांचे दोन हाताखालचे इस्सिमो झाले होते, आणि साहेबांचा स्वतःचा ड्रायव्हरही आता प्रामाणिकिस्सिमो होता.

“गुरुजी, पंधरा दिवसांनी जिल्ह्याचे मोठे साहेब येत आहेत. माझ्या बढतीचं बोलणं चालू आहे. इस्सिमोच्या वरचं काय आहे?”

“नियमानं तर काही नाही, साहेब.”

“नियमानं होणारं कारकुनांना द्या. मला नियमाबाहेरचं द्या.”

गुरुजी थेट ग्यानबाकडे गेले. ग्यानबाने बिडी पेटवली.

“नियमाभाईरचा हाये एक,” तो म्हणाला. “ऑत्तिमोचा सख्खा भाऊ. वाईटाचंबी टोक असते ना गुर्जी. कात्तिवो म्हंजे वाईट. त्याचं टोक पेस्सिमो. याच्यापक्षा वाईट जगात काही नाही, असा.”

“ग्यानबाभाऊ! हे कसं लिहू मी?”

“लिवू नका. आधी बोअर होऊ द्या, मंग लिवा. शब्द माह्या हाये, मी फुकट काहून देऊ? एकडाव देला फुकट, त काय झालं पाह्यलं ना तुमी?”

गुरुजींनी पाहिले होते. साहेबाला खोटे चांगले म्हणताना त्यांना सात वर्षांत कधी भीती वाटली नव्हती. खरे वाईट म्हणायच्या नुसत्या विचाराने ती वाटली. सकाळी मात्र ते उठून सायकलवर बसले आणि साहेबांना जाऊन सांगितले, की शब्द मिळाला आहे, इटलीत फार थोड्यांनाच लावतात, परंतु ज्याच्याकडे तो आहे त्या माणसाची वस्तीत बोअर व्हावी अशी इच्छा आहे.

दप्तरी दाखल झालेला तो अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. माणिकरावांनी बोअरची गाडी आपल्या घरासमोरच्या चौकाकडे वळवून पाहिली; साहेबांनी स्वतः जीपमधून उतरून ती वस्तीकडे वळवली. एका विशेषणासाठी एवढे कर्तव्य त्यांनी उभ्या नोकरीत केले नव्हते. एकशे तीस फुटांवर पाणी लागले. हापशी बसली.

समारंभाच्या दिवशी गुरुजी मानपत्र घेऊन उभे राहिले. समोर सबंध गाव, मागच्या बाजूला वस्ती, व्यासपीठावर मोठे साहेब. मोठे साहेब परदेशी जाऊन आले आहेत अशी ख्याती होती. कोणत्या परदेशी, ते कोणालाच ठाऊक नव्हते. इथे थांबावे, ‘कर्तव्यदक्ष’ म्हणावे आणि घरी जावे, असे गुरुजींना वाटले. बोअर तर झाली होती. पण मागे भागिरथा उभी होती, आणि तिच्या हातात आज हंडा नव्हता.

“अशा या आमच्या साहेबांना,” गुरुजी म्हणाले, आणि आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, “एकाच शब्दात सांगायचे तर, पेस्सिमो!”

सगळ्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिले. मोठ्या साहेबांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “यथार्थ! अगदी यथार्थ!”

टाळ्या थांबेनात. मोठ्या साहेबांना इटालियन येत होते की नव्हते, हे गुरुजींना पुढे निवृत्त होईपर्यंत ठरवता आले नाही.

शब्दाचा अर्थ साहेबांनी विचारला नाही. मोठ्या साहेबांनी यथार्थ म्हटल्यावर विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही असे कबूल करणे. त्यांनी तो नावाच्या पाटीवर घातला आणि जूनमध्ये त्यांची बढती झाली. मग इतर साहेबांकडूनही मागणी येऊ लागली. ग्यानबाकडे ‘इन्फिमो’ (अगदी तळाचा) होता, ‘मिसेर्रिमो’ (अगदी दीनवाणा) होता; ‘इनुतिले’, म्हणजे निरुपयोगी, एवढा त्याने मागे ठेवला होता. दर शब्दाला एका वस्तीची बोअर असा त्याचा दर होता आणि त्यात घासाघीस नव्हती. दोन वर्षांत सात वस्त्यांना पाणी मिळाले. ज्या वस्त्यांनी नुसते अर्ज केले, त्यांची संख्या शासनाकडे उपलब्ध आहे.

पेस्सिमोच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी भागिरथाने गुरुजींना बोलावले आणि गडव्यात पाणी दिले. गावातल्या सात वर्षांत गुरुजी वस्तीत पाणी प्यायले नव्हते. ते आज उभ्याने गडवाभर प्यायले. पाणी जरा खारट होते, गार होते. “अजून देऊ?” तिने विचारले. त्यांनी गडवा पुढे केला. (ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. तेवढे धैर्य त्या वर्षाच्या वाट्यातून संपले होते.)

ही हकीगत वाचून वाचकांना साहेबांचे हसू आले असेल. हकीगत लिहिण्यापूर्वी प्रस्तुत लेखक ग्यानबाकडे गेला होता व वाचकांना कोणते विशेषण लावावे असे त्याने विचारले होते.

“वाचून काय करतीन ते?” ग्यानबाने विचारले.

“हसतील.”

“अन् मंग?”

“मग काही नाही.”

ग्यानबाने शेवटचा स्वर तोडला आणि शब्द जोडून दिला. ऐकायला तो फार भारदस्त आहे, आणि आपल्याकडे अर्थ विचारण्याची पद्धत नाही. तेव्हा, इनुतिलिस्सिमो वाचकहो, आपला आभारी आहे.