एकशे सतरा लिंका

धम्मशीलाला वाटलं होतं, वडनेर भोलजीत नेटवर्क नसेल, पण माणसं नव्या विचारांची वाट बघत बसलेली असतील. बंगळुरूहून सहा वर्षांनी एम.टेक. होऊन परत आली तेव्हा उलटंच निघालं. नेटवर्क फुल होतं. वाट मात्र कुणीच बघत नव्हतं.

तरी तिनं हार मानली नाही. (हार मानायला आधी कुणीतरी लढायला यावं लागतं.) मागच्या साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी खाऊन टाकली होती. तोच मुद्दा धरून तिनं वडिलांना, माणिकरावांना, चार एकरांत देशी कपाशी पेरायला लावली. पीक आलं, पण आखूड धाग्याचा कापूस बाजारात कुणी विचारेना. सरकी काढलेला कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवला होता आणि माणिकराव दुसऱ्या खोलीत चहा पीत सांगत होते, "पेरणीआधी विकला तं देशी. नाही तं किसनरावच्या दुकानातून बीटीची पाकिटं. मंग मले काही म्हणू नको."

धम्मशीलानं तीन वेबसाइट काढल्या. वडिलांच्या कापसाची एक, गावातल्या पिंजारी खुर्शीदचाचांच्या गाद्यांची दुसरी आणि आईच्या, सिंधूताईंच्या, गोधड्यांची तिसरी. तिन्ही एकमेकींना लिंकनं जोडल्या. महिन्याभरात 'देशी कापसाची गादी' असं शोधलं की पहिल्या पानावर, सातव्या नंबरला, खुर्शीदचाचा दिसू लागले.

मग तिला दोन दिवस जळगाव जामोदला बियाण्यांच्या बैठकीला जायचं होतं. निघताना तिनं वडिलांना पासवर्ड दिला आणि लिंकचं तत्त्व समजावलं.

"चार जणांनी आपलं नाव घेतलं, आपण त्यांचं घेतलं, की गूगलला वाटतं हा माणूस भरवशाचा आहे."

"म्हंजे लग्नपत्रिकेसारखं."

"अगदी तस्सं, बाबा!" ती आनंदानं म्हणाली.

(इथंच सगळं बिघडलं.)

दोन दिवसांनी एस.टी.तून उतरता उतरता तिनं मोबाइल उघडला. कापसाच्या वेबसाइटवर सर्वांत वर आशीर्वाद, खाली निमंत्रक, त्याखाली विनीत, मग व्यवस्थापक आणि तळाशी किलबिल. एकूण एकशे सतरा नावं. ज्याचं दुकान, ज्याचा धंदा, त्याची लिंक. हेच तिन्ही वेबसाइटवर, कारण 'तिन्हीकडे टाका' हे बटण तिनंच मोठ्या हौसेनं करून ठेवलं होतं.

"बाबा, हे काय?" घरात शिरताच तिनं विचारलं.

"नावं. तूच तं म्हणे."

"बोरवेलवाला कशाला?"

"भगवंतराव? तुया काकाच्या लग्नात त्याचं नाव राह्यलं होतं पत्रिकेत. सात वर्षं बोलला नाही माह्यासंग."

"आणि आईच्या गोधड्यांवर डीजेवाला?"

"थो माह्या माहेरचा आहे," आतून सिंधूताई म्हणाल्या. "त्याले हात लावू नको."

"आणि किसनराव? बीटीचं दुकान? देशी कापसाच्या पानावर?"

"त्यानं रस्त्यात धरलं. म्हणे, काऊन माणिकराव, मलेच वगळलं? आता रोज तोंड पाहा लागते ना बाप्पा!"

तिनं 'देशी कापूस' असं शोधून पाहिलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. तिन्ही वेबसाइट नवव्या पानावर, एकमेकींना बिलगून. पहिल्या नंबरला, यांच्याच तीन लिंकांच्या जोरावर, होतं किसनराव कृषी केंद्र.

"उद्या सकाळी एकूण एक लिंक काढते!"

"काढ," माणिकराव शांतपणे म्हणाले. "मंग गाव सोडून जाऊ."

तेवढ्यात किसनराव पेढे घेऊन दारात. मागे खुर्शीदचाचा, खांद्यावर कापसाचे पुंजके तसेच.

"पोरी, कमाल केली," किसनराव म्हणाले. "कालपासून नऊ फोन. पुणं, नाशिक. सगळे देशी कापूस मागून राह्यले. माह्याजवळ कुठून असन? पण तुमी माह्यं नाव घेतलं. मंग मीनं बी तुमचाच नंबर देल्ला."

"अन् बेटी, नुसते बाहेरचेच नाही," खुर्शीदचाचा म्हणाले. "भगवंतरावनं पोरीच्या लग्नासाठी सहा गाद्या सांगितल्या. डीजेवाल्यानं दोन. म्हणतात, नाव टाकलं, आता रिकाम्या हातानं कसं बसावं? एवढा कापूस पुरते की नाही, तेच पाहून राह्यलो."

माणिकरावांनी पेढा तोंडात टाकला. "मंग यंदाबी देशीच."

किसनरावांचा चेहरा उतरला. "अन् माह्यी पाकिटं?"

"तुमचं नाव राहते ना वर," माणिकराव म्हणाले. "पेढा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीला लॅपटॉप उघडून बसली. यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली.

"बाबा, माझं नाव कुठंय?"

"तू घरचीच. घरच्याचं कोनी टाकते काय?"

तिनं बराच विचार करून ठरवलं की एकही लिंक काढायची नाही, उलट एक नाव वाढवायचं. पण आशीर्वाद भरले होते, निमंत्रक भरले होते, विनीतमध्येही जागा नव्हती. शेवटी तिनं अगदी तळाशी, किलबिलमध्ये, खुर्शीदचाचांच्या चार वर्षांच्या नातीखाली, अलीजाखाली, टाइप केलं: धम्मशीला, एम.टेक.