खुरपे नामे अज्ञाताने परसबागेच्या राज्यात केलेल्या उपद्रवाची हकीकत

श्रीगजाननास वंदन. ज्याने दिसणाऱ्यास रूप दिले आणि न दिसणाऱ्यास वाणी दिली, त्याचे स्मरण करोन हे वर्तमान लिहितो. लिहिणाराचे नाव पुसू नये. ज्या राज्याची ही गोष्ट, तेथे कोणीच नाव सांगत नव्हते, मग आम्हीच का सांगावे? शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, आश्विनमासी एक राज्य नांदत होते. त्यास भूमी नाही, कोट नाही, वेस नाही. राज्य जालावर वसलेले, फोन उघडावा आणि आत शिरावे ऐसा त्याचा दरवाजा. गच्चीत, गॅलरीत, परसात झाडे लावणारे लोक तेथे जमत, म्हणोन त्यास परसबाग म्हणत. एकाने अडचण मांडावी, त्यास धागा म्हणावे, आणि बाकीच्यांनी त्याखाली उत्तरे लिहावी, ऐसी रीत. आणि जो तो टोपणनावाने वावरे. कोण पुरुष, कोण बाई, कोण कोठला, कोणास ठाऊक नाही. राज्याच्या धनीण रोहिणीबाई घैसास, मुक्काम नाशिक. तेवढ्या एकट्या आपले खरे नाव लावीत. बाईंचा स्वभाव मायाळू, परंतु कान हलका, हे पुढे दिसोन येईल.

ते समयी मिरजेहून हेमांगी दातार नामे बाई सायली या नावे राज्यात आल्या. बाईंचे यजमान वैशाखात निवर्तले होते. त्यांणी गॅलरीतल्या पिंपात सोनटक्का लाविला होता, तो यजमानांमागे सुकू लागला. पानांच्या कडा जळाल्या, कळी धरीना. बाईंणी फोटो टाकोन धागा काढिला आणि लिहिले, "हे झाड ह्यांनी लावलंय. मला बागेतलं काही कळत नाही. कसंही करून वाचायला हवं." मग लोक धावोन आले. कोणी खत सांगितले, कोणी सावली सांगितली. निवडुंग नावाचा एक जुना सभासद होता, त्याची रीत तुटक, नमस्कार नाही, हळहळ नाही, त्याने इतकेच लिहिले, "नळाचं पाणी बंद करा. क्षार आहेत. माती बदला." आणि गुलबक्षी नावाचे कोणी होते, त्यांणी लिहिले, "ताई, झाडाचं बघू, आधी तुम्ही कशा आहात ते सांगा." हे वाचोन हेमांगीबाईंस रडे आले. इतक्या दिवसांत हे कोणी पुसिले नव्हते.

दुसरे दिवशी त्याच धाग्याखाली खुरपे नामे नवीन असामी प्रगटली आणि लिहिती जाहली की, "नवरा गेला, तसं झाडही जाणार. काही हातांना गुणच नसतो. रडगाणी गायला दुसरी जागा नाही का?" बाईंणी वाचिले आणि फोन पालथा ठेविला, आणि दिवसभर जेवण गेले नाही. रोहिणीबाईंणी तत्काळ तो मजकूर पुसोन खुरप्यास हाकलोन दिले. तो ते धारदारखुरपे होऊन आले. तेही घालविले, तो बोथटखुरपे होऊन आले. एक नाव मारावे आणि दुसरे उभे राहावे. सभासदही चवताळोन त्यास उलट शिव्या देऊ लागले, आणि जितक्या शिव्या पडत तितके खुरपे माजे. सोनटक्का राहिला बाजूस, धागा सारा चिखल जाहला. आणि दर वेळेस गुलबक्षी हेमांगीबाईंस खाजगी निरोप धाडी, "ताई, लक्ष देऊ नका. मी आहे ना." आणि बाई तिच्यापाशी मन मोकळे करीत.

मग राज्यात शंका शिरली. लोक म्हणो लागले, हे परके नव्हे, हा आपल्यातलाच कोणी मुखवटा लावोन येतो. मग जो तो दुसऱ्याचे लिहिणे तपासू लागला. अमका उत्तराअंती प्रश्न टाकितो, खुरपेही तसेच टाकिते. खुरपे येई तेव्हा तमका नेमका जागेवर नसे. ऐसे तर्क चालले. काल ज्याच्या गुलाबाची वाहवा केली, आज त्याच्या नमस्कारातही खोट दिसो लागली. रोहिणीबाई स्वतः चहा गार होईतो जुने धागे वाचीत बसत आणि प्रत्येकाच्या शब्दांत काटा शोधीत. त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, ही माणसं तू कधी पाहिलेली नाहीस." बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर भीती वाटते."

तेव्हा गुलबक्षीने रोहिणीबाईंस खाजगी निरोप केला, "मी कोणाचं नाव घेत नाही हं. पण निवडुंगांचं बोलणं पहिल्यापासूनच टोचरं. आणि सायलीताईंनी त्यांचं ऐकलं नाही, याचा राग असेल का?" हे विष बाईंच्या मनी उतरले. बाईंणी भर दरबारी नवा धागा काढोन पुसिले, "निवडुंग, खुरपे तुम्हीच आहात का? एकदा सांगून टाका." निवडुंगाने उत्तर दिले, "मला जे बोलायचं ते मी माझ्या नावाखाली बोलतो." लोक म्हणाले, हे तर उत्तरच नव्हे. बाईंणी पुन्हा पुसिले, "हो की नाही?" त्याने काही लिहिले नाही. न बोलणे हाच कबुलीजबाब ऐसे सर्वांणी ठरविले, आणि निवडुंगास राज्याबाहेर घातले. कोणी टाळ्यांची चित्रे टाकिली. नवल ऐसे की, त्याउपरी खुरपेही दिसेनासे जाहले. मग तर कोणास संशयच उरला नाही.

हेमांगीबाईंणी मात्र निवडुंगाचे सांगणे मनावर घेतले होते. शेजारच्या वाड्यातील आडाचे गोडे पाणी आणविले, पिंपातील माती बदलली. आणि गुलबक्षीशी बोलणे वाढले होते, त्यात एके दुपारी बाईंणी जे सख्ख्या बहिणीस सांगितले नव्हते, ते तिला लिहिले: "हॉस्पिटलमध्ये मी रात्रंदिवस होते. एका सकाळी फक्त अंघोळीला घरी आले आणि तेवढ्यात हे गेले. मी तिथं नव्हते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही." गुलबक्षीने लिहिले, "माझ्यापाशी राहील."

पुढे कार्तिकात सोनटक्क्यास नवा कोंब आला आणि एक फूल उमलले. बाईंणी हर्षे फोटो टाकिला. सारे राज्य लोटले, जो तो शाबासकी देई, आणि बाई प्रत्येकास उत्तर देत राहिल्या. त्या गडबडीत गुलबक्षीचे निरोप वाचावयाचे राहोन गेले. तिसरे प्रहरी त्याच फोटोखाली खुरपे पुन्हा उभे राहिले आणि लिहिते जाहले, "फुलं काय मिरवता? नवऱ्याच्या शेवटच्या घटकेला घरी अंघोळ करत होतात ना?"

राज्यात हाहाकार जाहला, लोक म्हणाले निवडुंग परत आला. आणि त्याच क्षणी गुलबक्षीचा निरोप आला, "ताई, वाचलं मी. रडू नका. मी आहे ना." बाई त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. मग उठोन तोंड धुतले, आणि परत बसोन लिहिले, "ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. एक मी."

उत्तर आले, "तुमचा गैरसमज होतोय. कुणाला तरी बोलला असाल."

"नाही बोलले."

बाईंणी फोन खाली ठेविला. तो अक्षरे उमटली, "खुरप्याचा त्रास होता तेव्हा रोज माझ्याशी बोलत होतात. झाड फुललं आणि मी कोण? कोणीच नाही."

बाईंणी लिहिले, "माझा फोन नंबर मागायचा होतात. मी तुमच्यासाठीही बसले असते." बाईंणी हा सारा संवाद रोहिणीबाईंकडे पाठविला. तो संध्याकाळपावेतो गुलबक्षीने आपले नाव आणि आपले लिहिलेले सारे पुसोन टाकिले होते. ती बाई की बाप्या, कोण गावची, कोणत्या दुःखाची, हे अद्यापि कोणास कळले नाही.

रोहिणीबाईंणी तो संवाद वाचिला. प्रथम त्यांस हेमांगीबाईंचाच संशय आला की, हा संवाद रचिला तर नसेल? मग आपल्या मनाची लाज वाटोन, त्यांणी हुडकोन हुडकोन निवडुंगाचा फोन मिळविला. त्याचे खरे नाव यशवंत ढमढेरे, बार्शीस भूगोलाचे मास्तर. बाई म्हणाल्या, "सर, आमची चूक झाली. तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला असतात तर..."

मास्तर म्हणाले, "म्हटलं असतं तर विश्वास ठेवला असता?"

बाईंस खोटे बोलवेना. म्हणाल्या, "नसता ठेवला."

"मग कशाला म्हणायचं?" ऐसे म्हणोन मास्तर पुसते जाहले, "त्या सोनटक्क्याचं काय झालं?"

"फुलला सर. तुम्ही सांगितलं तसंच केलं त्यांनी."

"थंडीत पाणी कमी करायला सांगा," मास्तर म्हणाले. परंतु राज्यात परत यावयास कबूल जाहले नाहीत. म्हणाले, तिकडे आता प्रत्येक वाक्य तपासून लिहावं लागेल, तेवढा मला वेळ नाही. बाईंणी आपल्या खऱ्या नावाखाली भर दरबारी चूक लिहिली आणि टाळ्या वाजविणाऱ्यांचीही नावे न घेता कानउघाडणी केली. आणि कायदा केला की, ओंगळ मजकूर दिसताच कोणी उत्तर देऊ नये, मुकाट धनिणीस कळवावे. आणि जो पुराव्यावाचोन कोणाकडे बोट दाखवील त्याने आधी आपले खरे नाव सांगावे. या कायद्याउपरी शिव्या कमी जाहल्या. उत्तरच मिळेना, तेव्हा शिवीगाळ करणारे कंटाळोन दुसरीकडे गेले. गप्पाही कमी जाहल्या, हेही खरे.

हेमांगीबाई राज्यात राहिल्या, परंतु खाजगी निरोप उघडीत ना. पुढे पौषात अबोली नामे कोणी नवीन सभासद लिहिती जाहली, "तुमचा जुना धागा वाचला. माझेही मिस्टर यंदाच गेले. बोलावंसं वाटलं." बाईंणी वाचिले. हेच गोड बोलणे, हीच वाट. पुसोन टाकावयास बोट नेले आणि थांबल्या, आणि लिहिले, "तुमचं खरं नाव काय?" लागलीच उत्तर आले: शोभना गुरव, वेंगुर्ले, आणि खाली फोन नंबर. बाई मनाशी म्हणाल्या, नंबरही खोटा असेल. कित्येक दिवस तसाच ठेविला. मग एके सकाळी लाविला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट आणि एका बाईचा आवाज आला, "कोण बोलतंय?"

हेमांगीबाई म्हणाल्या, "तुम्ही खरंच आहात का, एवढंच बघायचं होतं."

पलीकडील बाई हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "आसंय गो. बोल."

आणि बाई बोलू लागल्या.

ऐसे वर्तमान जाहले. शंका त्या राज्यातून गेली ऐसे नाही. अद्याप लोक गोड शब्दाकडे दोनदा पाहतात. निवडुंगाची जागा रिकामी आहे, गुलबक्षीचा ठाव नाही. जे कानी आले ते लिहिले. खरे मानावे की न मानावे, हे वाचणाराने आपले मन पाहोन ठरवावे. इति.